दोन साडू आणि बंद झालेली चिप

आमच्या फॅक्टरीत लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनतात. इमारतीच्या गच्चीवर मशीनची छोटी खोली असते, तिथल्या लोखंडी कपाटात हा हिरवा बोर्ड बसवलेला असतो. कोणत्या मजल्यावर बटण दाबलंय, दार पूर्ण लागलंय का, वेग कधी कमी करायचा, नेमकं कुठे थांबायचं, हे सगळं त्याच्या डोक्याने चालतं. मी तिथे टेस्टिंगला होते. माझ्या टेबलासमोर काचेची अर्धी भिंत आणि तिच्या पलीकडे उस्तादांचं टेबल. त्यामुळे फॅक्टरीतलं पुष्कळसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. घरातलं जे सांगणार आहे ते त्यांच्या बायकोकडून, आणि थोडंफार त्यांच्याच तोंडून.

उस्ताद ही पदवी त्यांना आमच्या मॅडमच्या वडिलांनी दिली, ते फॅक्टरी चालवत होते तेव्हा. उस्तादांनी ऐन तिशीत जो बोर्ड बनवला, त्यावर फॅक्टरी उभी राहिली. त्या बोर्डावरची लिफ्ट थांबली की आतल्या माणसाला थांबल्याचं कळायचं नाही. गिऱ्हाईक आलं की उस्ताद त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास देत आणि डेमोच्या लिफ्टमधून वरखाली फिरवून आणत. थेंब सांडत नसे. गिऱ्हाईक ग्लासाकडे बघत राही आणि उस्ताद गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे.

ही सगळी करामत एका चिपची होती. मोटरचा वेग, दाराचा हिशोब, मजल्यांची आठवण, सगळं त्या एकाच चिपमध्ये होई. दुसऱ्या कुणाला जे पाच पार्ट लावून जमलं नसतं ते उस्तादांनी एका पार्टात बसवलं होतं. जगात ती चिप एकच कंपनी बनवत होती, ही गोष्ट ते मोठ्या कौतुकाने सांगत. जणू ती त्यांच्यासाठीच बनवली जात होती.

मग एका वर्षी आमचा एक अगदी किरकोळ पार्ट, मजल्याचा आकडा दाखवणाऱ्या दिव्यांचा, बाजारातून एकाएकी गायब झाला. बनवणाऱ्यांनी तो बंदच करून टाकला होता. सगळं तयार असून बोर्ड अर्धवट पडून राहिले. वडिलांच्या जागी नुकत्याच आलेल्या मॅडम जाम वैतागल्या आणि त्यांनी ठरवलं, कुठला पार्ट कधी बंद पडेल यावर नजर ठेवायला एक माणूस हवा.

त्याच सुमाराला उस्तादांच्या धाकट्या मेहुणीचा नवरा घरी बसला होता. धुलाई मशीनचे सुटे भाग पुरवणारी त्याची कंपनी गुंडाळली होती. मेहुणी बहिणीकडे येऊन रडली. बायकोने उस्तादांच्या मागे लकडा लावला. उस्तादांनी मॅडमकडे शब्द टाकला.

"तारखा बघत बसायचं काम आहे," ते मला म्हणाले होते, "त्याला जमेल."

अशा रीतीने धाकटे साडू आमच्याकडे आले. उंच, किडकिडीत, बोलताना समोरच्या माणसाऐवजी त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघणारे. सुरुवातीला काही महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही की ते आहेत. मग एका मीटिंगमध्ये मॅडमनी त्यांना बोलायला सांगितलं आणि ते उभे राहून शांतपणे बोलायला लागले.

"आपली लिफ्ट पंचवीस वर्षं चालते," ते म्हणाले. "चिप बनवणाऱ्यांचं खरं गिऱ्हाईक मोबाइलवाले. त्यांना दर दोन वर्षांनी नवं हवं. आपण त्यांच्या दुकानात मागच्या दाराने शिरणारं गिऱ्हाईक. आपल्यासाठी ते जुना माल बनवत राहतील, असं धरून चालणं बरं नाही. म्हणून पार्ट निवडतानाच विचारायचं, हा किती वर्षांपूर्वी बाजारात आला? किती जण बनवतात? आपल्याशिवाय कोण वापरतं? आणि उद्या बंद झाला तर त्या जागी काय बसेल?"

मग त्यांनी पडद्यावर उस्तादांच्या बोर्डाचं चित्र लावलं. ज्या पार्टांची काळजी नव्हती ते हिरवे, लक्ष ठेवायचे ते पिवळे, धोक्याचे ते लाल. बहुतेक बोर्ड हिरवा होता. मधोमध ती चिप मात्र पिवळी, आणि पिवळ्याच्या भोवती लाल रेघ.

"ही अजून दोन वर्षं मिळेल असं मला वाटतं," ते म्हणाले. "पण एकच कंपनी बनवते. पुढच्या बोर्डात दोन कंपन्यांच्या चिपा बसतील अशी जागा आत्तापासूनच ठेवायला हवी."

उस्ताद हसले. "म्हणजे एका नवरीसाठी दोन मंडप?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "उस्ताद, याचा विचार करा."

त्या दिवसापासून उस्तादांना त्यांचा साडू डोळ्यांत सलायला लागला.

पुढच्याच महिन्यात आणखी एक पार्ट बंद झाल्याची बातमी आली. धाकट्या साडूंनी तो आधीच लाल करून ठेवला होता आणि पर्यायही शोधला होता. काम एक दिवससुद्धा थांबलं नाही. फॅक्टरीत त्यांचं नाव पडलं ज्योतिषी. जेवणाच्या सुट्टीत लोक त्यांना अडवून विचारत, "काय ज्योतिषीबुवा, माझ्या फ्रिजचं आयुष्य किती?" तेही हसून काहीतरी सांगत. उस्ताद डबा घेऊन आपल्या टेबलावर जाऊन बसत.

इतकी वर्षं ज्या माणसाच्या मताशिवाय या फॅक्टरीत स्क्रूसुद्धा बदलत नव्हता, त्याला आता मॅडम विचारत, "ज्योतिष्यांना दाखवलंत का?" हे वाक्य ऐकलं की उस्तादांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. मला काचेतून स्पष्ट दिसायचं.

पण फॅक्टरीतलं परवडलं असतं, असं त्यांची बायको म्हणते. खरं दुखणं होतं सासरी.

सासरे निवृत्त ग्रंथपाल. पाचव्या मजल्यावर ते आणि सासूबाई दोघंच राहत, गुडघे दोघांचेही गेलेले. त्या इमारतीची लिफ्ट उस्तादांच्या बोर्डावर चालायची, तो बोर्ड त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या थोरल्या जावयांची लिफ्ट." उस्ताद सासरी गेले की त्यांना खिडकीजवळची वेताची खुर्ची मिळे, जिच्यात एरवी सासरे स्वतः बसत.

आता रविवारी दोन्ही मुली नवऱ्यांसह जमल्या की सासरे ज्योतिष्याला विचारत, "मग, सध्या कुठल्या पार्टाला घरघर लागलीय?" आणि ज्योतिषी सांगू लागले की मन लावून ऐकत. ग्रंथपालच ते. कुठली गोष्ट किती टिकेल आणि तिच्या जागी काय ठेवायचं, या विचारात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांना ते बोलणं खरोखर आवडायचं. एकदा उस्ताद पोचले तेव्हा वेताच्या खुर्चीत ज्योतिषी बसले होते. ते चटकन उठले. "बसा ना दादा."

"बस, बस," उस्ताद म्हणाले आणि सोफ्याच्या कडेला टेकले. सासूबाईंनी चहा आणला. पहिला कप ज्योतिष्याला गेला, कारण स्वयंपाकघराच्या दाराजवळ तेच होते. हे कारण उस्तादांनाही कळत होतं. तरी घरी येताना गाडीत ते बायकोला म्हणाले, "तुझ्या आईला आता थोरला कोण तेही आठवत नाही."

"कपावरून?" बायको म्हणाली.

"कपावरून नाही."

"कपावरूनच," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

मग एक दिवस चिपच्या कंपनीचा एजंट आला. जुना माणूस, उस्तादांचा ओळखीचा, फॅक्टरीत आला की आधी त्यांच्याच टेबलावर टेकायचा. त्या दिवशीही टेकला. मी समोर एका बोर्डाला तारा लावत होते. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण उस्तादांचं बोट कपाच्या कानात तसंच राहिलेलं मी पाहिलं.

एजंटने सांगितलं होतं की ती चिप कंपनी बंद करणार आहे. दोन वर्षांनी नव्हे, याच वर्षी. ज्यांना हवी असेल त्यांनी शेवटची खरेदी म्हणून पुढच्या सगळ्या वर्षांना पुरेल एवढी मागणी आत्ताच नोंदवायची. "मोठी गिऱ्हाइकं उड्या टाकतील," तो म्हणाला. "तुम्ही लवकर कळवा. तुमच्या त्या ज्योतिष्यांनाही सांगून ठेवा."

"सांगतो," उस्ताद म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांना काय वाटलं ते त्यांनी मला पुढे फार प्रामाणिकपणे सांगितलं. पहिल्यांदा काळजात धस्स झालं. आयुष्यभराची कमाई होती ती चिप. पण त्याच्या पाठोपाठ, त्याच श्वासात, एक गुदगुली झाली. दोन वर्षं म्हणाला होता ना ज्योतिषी? भर मीटिंगमध्ये, पडद्यावर चित्र लावून? त्याच्या नाकाखालून एवढा मोठा पार्ट चाललाय आणि त्याला पत्ता नाही. महिन्याची मीटिंग आठवड्यावर आली होती. ज्योतिषी आपली रंगीत चित्रं लावतील, ती चिप पुन्हा पिवळी दाखवतील, तेव्हा आपण सावकाश उठायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. शेवटची मागणीही आपणच नोंदवायची. फॅक्टरी आपणच वाचवायची. एका आठवड्याने काय बिघडतंय?

तो आठवडा ते एवढे खुशीत होते की माझ्या टेबलाशी येऊन गप्पा मारून गेले. ज्योतिष्यालाही त्यांनी आपणहून विचारलं, "काय रे, आपली चिप ठीक आहे ना?"

"सध्या तरी काही ऐकलं नाही, दादा. तुम्ही ऐकलं तर सांगा."

"हो तर," उस्ताद म्हणाले.

पण मॅडमना अचानक परगावी जावं लागलं आणि मीटिंग पुढे गेली. मग आणखी एकदा पुढे गेली. उस्तादांची गुदगुली ओसरली, पण आता मधेच सांगायचं तर "तुम्हाला कधी कळलं?" हा प्रश्न येणार. ते थांबून राहिले. मीटिंग झाली तेव्हा महिना उलटून गेला होता.

ज्योतिष्यांनी चित्र लावलं. चिप पिवळी होती. उस्ताद ठरवल्याप्रमाणे उठले.

"ती पिवळी पुसून टाक," ते म्हणाले. "ती चिप बंद होतेय. याच वर्षी. शेवटची मागणी घेताहेत. ज्योतिष्यांना ग्रह दिसले नाहीत वाटतं."

कुणीही हसलं नाही. ज्योतिष्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी एजंटला फोन करून येतो," असं म्हणून ते बाहेर गेले. काचेच्या दारातून ते व्हरांड्यात फोन कानाला लावून उभे दिसत होते. एक क्षण असा आला की त्यांनी ऐकता ऐकता वळून आत बघितलं, थेट उस्तादांकडे. उस्ताद सांगत, "त्या वेळी मला कळलं की त्याला कळलंय."

ज्योतिषी आत आले. मॅडमनी विचारलं, "काय म्हणाला?"

"खरं आहे," ते म्हणाले. "एका मोठ्या कंपनीने जवळजवळ सगळा माल उचलला. आपल्या वाट्याला अगदी थोडा येईल. मी दोन वर्षं धरली होती. माझा अंदाज चुकला."

एवढंच. मॅडम त्यांना जे बोलल्या ते मी इथे सांगत नाही. सगळ्यांसमोर बोलल्या आणि बराच वेळ बोलल्या. ते शर्टाच्या बटणाकडे बघत उभे होते, पण या वेळी स्वतःच्या. उस्तादांनी ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो हाच. त्यांना खुर्चीत बसवेना.

मीटिंग संपल्यावर त्यांनी ज्योतिष्याला जिन्यात गाठलं.

"तू बोलला का नाहीस?"

"काय?"

"एजंटने मला महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं ते. त्याने तुला सांगितलं ना आत्ता?"

"सांगितलं."

"मग? माझ्यावर उपकार करतोस?"

ज्योतिषी दोन पायऱ्या खाली होते, त्यामुळे दोघांची तोंडं समोरासमोर आली होती. पहिल्यांदाच त्यांनी उस्तादांच्या डोळ्यांत बघितलं.

"उपकार कसले दादा, मला तुमची चीड आली आहे. इतकी की आज मी तुमच्याबरोबर घरी येणार नाही. पण मी बोललो असतो तर मॅडमनी तुम्हाला काढलं असतं. मग नवा बोर्ड कोण बनवणार? मी? मला पार्ट कधी मरतो ते कळतं, जिवंत बोर्ड मला बनवता येत नाही. तुमच्या बोर्डाच्या आत काय चालतं हे या फॅक्टरीत तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे? मी इथे आल्यावर सगळ्यात पहिला लाल रंग कशाला दिला असेल तर तुम्हाला. तुम्ही एकच कंपनी बनवते असा पार्ट आहात."

असं म्हणून ते उतरून गेले.

उस्ताद मला म्हणाले, "हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? त्यातलं 'तुमच्याशिवाय कुणाला' एवढंच मी घरी घेऊन गेलो. आणि रात्री जेवताना मला वाटलं, हरामखोर, हेसुद्धा किती नीट बोलला!"

मग टंचाई सुरू झाली. जो थोडा माल आला तो कोरड्या हवेच्या पाकिटांत बंद करून कुलपात ठेवला. या चिपा दमट झाल्या की बोर्डाला डाग देऊन जोडताना आतून तडकतात. मोजून मोजून वापर होऊ लागला. नव्या लिफ्टच्या ऑर्डरी मॅडमनी थांबवल्या. जुन्या लिफ्टचा बोर्ड गेला की बदली बोर्ड कुणाला आधी द्यायचा हे ठरवायचं काम ज्योतिष्याकडे आलं. त्यांनी नियम केला, आधी दवाखाने, मग जिथे एकच लिफ्ट आहे आणि मजले दहाच्या वर आहेत त्या इमारती, मग बाकीचे.

आणि नेमका सासऱ्यांच्या इमारतीतला बोर्ड गेला. पाच मजले. बाकीच्यांत.

सासऱ्यांनी धाकट्या जावयाला फोन केला. ते म्हणाले, "बाबा, नंबर लागला की लगेच. मधे घुसवता येणार नाही." सासऱ्यांनी फोन ठेवला तो पुन्हा त्यांच्यासाठी उचलला नाही.

आता रविवारी धाकटी मुलगी एकटीच येई, किंवा येत नसे. उस्ताद मात्र आठवड्यातून दोनदा जात. भाजी, औषधं, पाण्याचे जार, सगळं पाच मजले चढवून नेत. सासरे एकदा डॉक्टरांकडे जाऊन परत येताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवरच बसले. उस्ताद शेजारी बसले. सासऱ्यांना दम लागला होता. तो ओसरल्यावर त्यांनी जावयाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमची लिफ्ट होती तोवर आम्ही राजासारखे होतो," ते म्हणाले. "त्याच्या हातात होतं. एक बोर्ड. स्वतःच्या सासऱ्यासाठी नाही केलं त्याने. नुसती भविष्यं सांगायला काय लागतं हो? माणूस बनवणारा पाहिजे. मी तेव्हाच म्हणत होतो हिला, थोरल्याची सर धाकट्याला नाही."

घरात गेल्यावर त्यांनी वेताची खुर्ची उस्तादांकडे सरकवली. सासूबाईंनी पहिला कप त्यांना दिला.

उस्ताद त्या खुर्चीत बसले. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण दुसऱ्या कुणी सांगताना हा भाग गाळला असता. ते बसले आणि त्यांना बरं वाटलं. त्या दिवशी, आणि त्यापुढच्या वेळीही, आणि त्याच्याही पुढच्या वेळी. जिन्यातून घामाघूम होऊन चढताना ते सासऱ्यांच्या त्या वाक्याची वाट बघत असत. आणि वाक्य येई. सासरे म्हातारे होते, तेच तेच बोलत.

बायकोला सगळं माहीत नव्हतं, पण काहीतरी शिजतंय एवढं कळत होतं. एकदा ती म्हणाली, "बाबा धाकट्याला एवढं बोलतात, तुम्ही एकदाही त्याची बाजू घेत नाही."

"मी कशाला घेऊ?"

"मला वाटलं, फॅक्टरीत तुम्हीसुद्धा त्याच्याच हाताखाली, त्याचाच नियम पाळता ना."

"मी कुणाच्या हाताखाली नाही," उस्ताद ओरडले. तिने भाजी चिरणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे त्यांचं अवसान गळालं आणि तिथेच, ओट्याशी उभं राहून, त्यांनी एजंटपासून जिन्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझी बहीण गेले दोन महिने माहेरी आली की दाराबाहेर डोळे पुसून मग आत येते."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही खुर्चीत बसलेले असता," ती म्हणाली. "तिथून दार दिसत नाही."

पुढच्या रविवारी उस्तादांनी आग्रह करून दोघांनाही बोलावलं. मेहुणी आली, ज्योतिषी जिन्यापाशीच घुटमळले, तेव्हा उस्ताद स्वतः खाली उतरून त्यांना वर घेऊन आले. सासरे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"बाबा," उस्ताद उभ्याउभ्याच म्हणाले, "लिफ्ट याच्यामुळे बंद नाही. माझ्यामुळे आहे. चिप बंद होणार हे मला आधी कळलं होतं. मी ते दाबून ठेवलं. वेळेवर सांगितलं असतं तर कपाटं भरभरून माल असता."

पेपर खाली आला. "का दाबून ठेवलंत?"

उस्तादांना वाटलं होतं, कबूल करणं एवढंच अवघड असेल. हा प्रश्न येईल हे त्यांनी धरलंच नव्हतं. ते मेहुणीकडे, मग बायकोकडे बघू लागले. शेवटी म्हणाले, "याला तुम्ही माझ्या खुर्चीत बसवता म्हणून."

सासूबाई आतून चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"खुर्ची माझी आहे," सासरे म्हणाले.

मेहुणीला हसू फुटलं. तिने पदर तोंडाशी धरला, पण ते थांबेना. मग ज्योतिषी हसले. उस्ताद नाही हसले. सासरे तर मुळीच नाहीत.

"हे आता मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "तुम्ही मोकळे झालात. पाचवा मजला आहे तिथेच आहे." आणि त्यांनी पेपर पुन्हा वर केला. पण थोड्या वेळाने पेपराआडून त्यांनी धाकट्या जावयाला विचारलं, "आमचा नंबर कितवा आला?"

दुसऱ्या दिवशी उस्ताद मॅडमच्या केबिनमध्ये गेले. दार बंद होतं. बाहेर आले तेव्हा माझ्याकडे न बघता टेबलाशी जाऊन बसले. नोकरी राहिली, पण त्या दिवसापासून बोर्डातला एकही पार्ट ज्योतिष्याच्या सहीशिवाय ठरेना. उस्तादांच्या कागदावर साडूची सही. तो कागद उस्ताद स्वतः घेऊन जात नसत, माझ्याबरोबर पाठवत.

नव्या बोर्डावर मात्र ते तुटून पडले. दोन कंपन्यांच्या दोन वेगळ्या चिपा, पायांची म्हणजे पिनांची ठेवण वेगळी, स्वभाव वेगळे. एकीच्या पायांची जागा दुसरीच्या जागेच्या आत बसवली. जी मिळेल ती लावायची. प्रोग्राम असा लिहिला की चिप बदलली तर तळातला एक छोटा तुकडा तेवढा बदलावा लागे, बाकीचं जसंच्या तसं. आणि लिफ्ट दोन्हींवर सारखीच थांबली पाहिजे, हा हट्ट त्यांचा. "याला कळू दे," ते पुटपुटत. कोण 'हा' ते सांगायची गरज नव्हती. ज्योतिषी रोज एखादा पार्ट नाकारत. "हा छान आहे दादा, पण तीन वर्षांत जाईल." उस्तादांच्या कानाच्या पाळ्या लाल. दुसऱ्या दिवशी दुसरा पार्ट. एकदा तर दोघं तार जोडायच्या एका साध्या खोबणीवरून इतके भांडले की मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, बघितलं आणि परत आत गेल्या.

एकेका चिपचा एक असे दोन बोर्ड माझ्या टेबलावर आले तेव्हा उस्तादांनी चिपांवर काळी पट्टी लावली होती. "सांग, कुठली कुठे आहे?" मी दोन्ही बोर्ड दिवसभर पळवले. मला सांगता आलं नाही. ते काचेपलीकडे जाऊन शीळ घालायला लागले. ज्योतिषी आले, त्यांनीही पळवून पाहिलं आणि म्हणाले, "मलाही नाही कळत." उस्तादांची शीळ वाढली.

सासऱ्यांच्या इमारतीचा नंबर त्याआधीच लागला होता. नियमाने, मधे न घुसता. सासरे दोन्ही जावयांशी बोलू लागले, पण खुर्चीतून उठायचं त्यांनी बंद केलं. कुणीही आलं तरी.

नव्या बोर्डाच्या कार्यक्रमाला बिल्डर आले, दुरुस्तीवाले आले. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. हा बोर्ड एखादा पार्ट बंद झाला तरी कसा थांबणार नाही, हे त्यांनी छान समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, "याचं श्रेय आमच्या दोन साडूंना." आणि नावं घेतली. टाळ्या झाल्या. दोघं उभे राहिले. ज्योतिष्यांनी उस्तादांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात उस्तादांनी झटकला नाही, एवढं मी पाहिलं.

घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?"

"छान झाला."

"टाळ्या?"

"भरपूर."

तिने त्यांच्या हातातली फुलं घेतली, भांड्यात पाणी भरलं, एकेक देठ तिरका कापून आत ठेवला.

"त्याचं नाव आधी घेतलं ना?" ती म्हणाली.

उस्ताद बूट काढत होते. एक बूट हातात तसाच धरून ते हसायला लागले.

"आधी घेतलं," ते म्हणाले. "आणि जरा मोठ्यानेही."